ओढ्याचा तळ सिमेंटने बांधू नका

ओढ्याकाठी चालायला ट्रॅक, बसायला बाकडी करा असं सुचवताना एकानं म्हटलंय की पोरं घसरून पडू नयेत म्हणून ओढा दोन्ही बाजूंनी आणि तळापर्यंत सिमेंटने बांधून काढा. ट्रॅक, बाकडी सगळं करा, सांगलीच्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जायचं थांबलं पाहिजे हे तर आहेच, पण उभ्या गुळगुळीत भिंतीत पोरगं पडलं तर धरायला काहीच नसतं, त्यापेक्षा उतरता काठ आणि दगडी पायऱ्या बऱ्या.

आणि माशांचं कोणीच बोललं नाही. मृगाच्या पावसानं पाणी आलं की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यात वर चढतात, चढणीचे मासे म्हणतो ते. आमच्याकडे बंधाऱ्याच्या भिंतीवर उड्या मारून मारून परत खाली आपटणारे मासे बघितलेत, आणि खाली लोक जाळं लावून तयारच. सपाट सिमेंटवर पाणी इतकं पळतं की माशाला दम खायला जागाच उरत नाही, त्याला दगडाआडचं संथ पाणी, मधेमधे डोह लागतात. बंधाऱ्याच्या उभ्या भिंतीच्या जागी मोठ्या दगडांचा तिरका उतार केला तरी ते चढतील.