जुनं क्लोन पिस्तूल घ्यावं का? आणि घेतलंच तर उघडून बसावं का?

तिरपी नजर
'अस्सल' यांची परवाची पोस्ट वाचून डोकं उठलं, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं क्लोन (नावाजलेल्या पिस्तुलाची दुसऱ्या कंपनीने काढलेली नक्कल) म्हणजे आधीच्या मालकाने कंटाळून दुसऱ्याच्या गळ्यात मारलेली ब्याद, आणि ते घरी उघडून बसणारे सगळे अर्धवट. पैसे साठवा, मूळ कंपनीचंच घ्या.

अहो, चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड 75 चंच बघा. 1975 मध्ये कोउत्स्की बंधूंचं हे पिस्तूल आलं. परदेशात पेटंटचं संरक्षण नाही, आणि शीतयुद्धामुळे पश्चिमेत माल सहज मिळेना. मग इटलीत तानफोलिओ, शिवाय स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, जो तो बनवायला लागला. इस्रायलचं जेरिको 941 सुरुवातीला तानफोलिओच्याच सुट्या भागांवर उभं राहिलं. फ्रान्सचा नेमबाज एरिक ग्रोफेल तानफोलिओ घेऊन जगज्जेता झाला, तेव्हा 'ही नक्कल आहे' म्हणून कुणी त्याचे गुण कापले नाहीत.

आता ब्यादीबद्दल. माझ्याकडे 1911 या जुन्या अमेरिकन लष्करी पिस्तुलाचं एक वापरलेलं क्लोन आलं. विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) उभी अडकते. पठ्ठ्याने रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) बदलली होती, फीड रॅम्प (गोळी नळीत चढते तो उतार) आरशासारखा घासला होता, तीन कंपन्यांची मॅगझिनं (गोळ्या भरायच्या पेट्या) लावून पाहिली होती. मी स्लाइड उतरवली, नळी काढली, एक डमी काडतूस एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी नळीतून ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली सरकवलं आणि स्लाइड हलकेच हलवली. काडतूस टपकन टेबलावर! 1911 मध्ये एक्स्ट्रॅक्टरला वेगळी स्प्रिंग नसते, तो स्वतःच स्प्रिंग असतो. त्याचा ताण गेला की पुंगळी इजेक्टरपर्यंत (तिला बाहेर उडवणाऱ्या भागापर्यंत) पोचण्याआधीच निसटते. चांगल्या पोलादाचा नवा बसवला, ताण जुळवला, विषय संपला. कानशीला हातही लावला नाही.

अस्सल
वा! एक पिस्तूल चाललं की लगेच सिद्धांत. तुमचं 1911 चं क्लोन होतं, म्हणून दुसरा एक्स्ट्रॅक्टर मिळाला तरी. स्पेनचं स्टार मॉडेल बी घेऊन बघा. बाहेरून हुबेहूब 1911. जवळ घेतलं की कळतं, ग्रिप सेफ्टी (मूठ दाबल्याशिवाय गोळी न सुटू देणारी सोय) नाही, ट्रिगर (चाप) मागे सरकत नाही तर पिनेवर फिरतो, आणि 1911 चे सुटे भाग बसत नाहीत. त्यात कारखाना 1997 मध्येच बंद. फायरिंग पिन तुटली तर कुणाच्या दारात उभे राहणार?

मी एकदा असंच एक 'जवळजवळ 1911' घेतलं होतं (कंपनीचं नाव घेत नाही). एका सुट्या भागासाठी वर्षभर ते पेटीत पडून होतं. तेव्हा ज्ञान पाजळताना एवढं सांगा, की सगळी क्लोनं एका माळेचे मणी नसतात.

घोडा खाली
अस्सल, हे मात्र खरं बोललात. हंगेरीच्या एफईजी कारखान्याच्या पिस्तुलांतही लोक असेच फसतात. पीजेके-9एचपी हे ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचं बऱ्यापैकी खरं क्लोन. पण पी9आर दिसायला हाय-पॉवर आणि आतून डबल ॲक्शन (चाप ओढला की घोडा, म्हणजे हॅमर, आधी ताणला जातो आणि मग पडतो), अमेरिकन स्मिथ अँड वेसन 59 च्या वळणाचं. फोटो बघून घेणारे हाय-पॉवरचे भाग मागवतात आणि मग कपाळाला हात लावतात.

बाय द वे, माझ्या हाय-पॉवर क्लोनचा मॅगझिन डिस्कनेक्ट मी काढून टाकला. ट्रिगर काय सुधारलाय! मॅगझिनही आता आपोआप खाली पडतं.

नियमावली
डिस्कनेक्ट काढला, आणि वर चारचौघांत सांगताय? मॅगझिन बाहेर असताना गोळी सुटू नये म्हणून ती सोय आहे. माझ्या डोळ्यांसमोर रेंजवर एकाने मॅगझिन काढलं, 'रिकामं आहे' म्हणाला आणि चाप ओढला. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं तिथे) गोळी होती. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून निभावलं. डिस्कनेक्ट असता तर घोडा पडलाच नसता.

घोडा खाली
आणि त्याने चेंबर बघितलं असतं तर? डिस्कनेक्टच्या भरवशावर बसायची सवय लागलेला माणूस दुसऱ्याचं, तो नसलेलं पिस्तूल हातात घेईल तेव्हा काय करेल?

हा डिस्कनेक्ट काही हाय-पॉवरच्या मूळ रचनाकाराच्या, ब्राउनिंगच्या, डोक्यातून आलेला साक्षात्कार नाही. फ्रेंच लष्कराच्या अटींत होता, म्हणून आला. ब्राउनिंग 1926 मध्ये गेला, पुढे सेव्ह या दुसऱ्या रचनाकाराने पिस्तूल पुरं केलं, 1935 मध्ये बाजारात आलं आणि हे लोढणं तसंच राहिलं. ट्रिगरला जोडलेली छोटी पट्टी मॅगझिनच्या पुढच्या अंगावर घासत राहते, ती खरखर बोटाला लागते. आणि गंमत बघा, रिकाम्या पिस्तुलाचा ताणलेला घोडा चाप ओढून खाली आणायचा तर आधी मॅगझिन आत घालायचं! हे सुरक्षित?

नियमावली
गंमत तुम्हाला वाटते. कारखान्याने विचार करून ठेवलेली गोष्ट तुम्ही पिन ठोकून काढणार आणि शहाणे म्हणवणार. उद्या काही झालं तर कोर्टात 'ट्रिगर मऊ हवा होता' हे सांगाल का?

तिरपी नजर
मंडळी, धागा जुन्या क्लोनांबद्दल आहे.

घोडा खाली
कारखान्याचं म्हणाल तर स्प्रिंगफील्डने 2021 मध्ये एसए-35 आणलं, हाय-पॉवरचंच क्लोन. त्यात डिस्कनेक्ट नाहीच. ते सगळे मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे?

नियमावली
त्यांनी तसं बनवून विकलं, गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. तुम्ही चुपचाप काढलंत. फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

मधली आळी
तुमचं भांडण चालू दे, माझा प्रश्न दोनदा वाहून गेला. वापरलेलं झास्तावा एम57 (रशियन टोकारेव्ह टीटीचं युगोस्लाव्ह क्लोन) घ्यावं का? टोकारेव्हची मॅगझिनं चालतील का?

अस्सल
नियमावलींच्या 'चुपचाप काढलंत' यातच माझा मुद्दा आहे, तो त्यांना दिसत नसला तरी. जुनं पिस्तूल घेताना तुम्ही आधीच्या मालकाचे हात विकत घेता. त्याने डिस्कनेक्ट काढला, सीअर (ताणलेला घोडा अडवून धरणारा भाग) घासला, सेफ्टी कानशीने 'बसवली', हे विकताना कोण सांगतं?

तिरपी नजर
कुणी सांगायला कशाला हवं? बघता येतं. चेंबर दोनदा तपासा, मॅगझिन बाहेर ठेवा, नळी सुरक्षित दिशेला, घोडा ताणा, चाप ओढा. हाय-पॉवरचा घोडा पडला तर डिस्कनेक्ट गेलाय. 1911 मध्ये सेफ्टी वर करून चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी खाली करा. चापाला बोट नसताना घोडा हलला किंवा पडला तर ते पिस्तूल विकत घेऊ नका. सीअरवर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसल्या तरी नको. एवढं बघायला पाच मिनिटं लागत नाहीत आणि विकणारा खरा असेल तर तो नाही म्हणत नाही.

नियमावली
विकणारा नाही म्हणाला तर?

तिरपी नजर
तर घरी जायचं.

अस्सल
ठीक. स्प्रिंगा बदलणं, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन, इथपर्यंत तुमचं मान्य, उगाच नाराजी नको. वापरलेल्या पिस्तुलात स्प्रिंगा तशाही बदलायच्याच असतात. पण सीअर-हॅमरला घरी हात लावणाऱ्याला मी अजूनही अर्धवटच म्हणणार. तिथली धार केसाएवढी इकडेतिकडे झाली तर एका ओढीत दोन गोळ्या सुटतात. ते काम गनस्मिथचं.

तिरपी नजर
सीअरला हात लावा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. न लिहिलेल्या गोष्टीला विरोध करून विजयी झाल्याबद्दल अभिनंदन.

घोडा खाली
आणि माझ्या डिस्कनेक्टचा निकाल?

नियमावली
परत बसवा.

घोडा खाली
नाही बसवत. डबीत चिठ्ठी लावून ठेवलाय. पिस्तूल विकलं तर डबीसकट देईन. झालं समाधान?

नियमावली
अर्धं.

अस्सल
@मधली आळी, टोकारेव्हची मॅगझिनं विसरा. टीटीत 8 गोळ्या, एम57 मध्ये 9, म्हणून ग्रिप लांब आहे. मूळ रचनेत हाताने लावायची सेफ्टी नाही, हाफ-कॉक (घोडा अर्ध्यावर अडकवायची खाच) आहे. काही ठिकाणी आयातीच्या नियमासाठी नंतर बसवलेली सेफ्टी दिसेल, ती नीट अडते का ते बघा. हॅमर-सीअरचा अख्खा गट एकत्र वर निघतो. तो साफ करा, तेल द्या, तसाच परत बसवा. नळीचा आतला भाग उजेडात बघा, कारण जुन्या लष्करी काडतुसांतल्या क्षारयुक्त प्रायमरची (काडतूस पेटवणाऱ्या टोपीची) राख साफ न करता ठेवली की नळी आतून गंजते. नळी स्वच्छ असेल तर घ्या.

तिरपी नजर
अस्सलनी क्लोन घ्यायला सांगितलं! कुणीतरी स्क्रीनशॉट काढा.

अस्सल
नळी स्वच्छ असेल *तर*. वाचायला शिका.