कनेक्शन स्ट्रिंग एनक्रिप्ट करून खरंच काही साधतं का?

कळफलक:
आमच्या विंडोज ॲपच्या कॉन्फिग फाइलमध्ये कनेक्शन स्ट्रिंग आहे, म्हणजे डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारी ओळ. तिच्यात डेटाबेसचा युझर आणि पासवर्ड उघडेच आहेत. ऑडिटवाले 'एनक्रिप्ट करा' एवढंच सांगून गेले. मला ही निव्वळ धूळफेक वाटते. ज्या मशीनवर ॲप पासवर्ड उलगडतं, तिथेच किल्लीही असणार. कोडमध्ये लपवलीत तर आयएलस्पायमध्ये (तयार ॲपमधला कोड परत वाचून दाखवणारं टूल) ॲपची डीएलएल फाइल उघडली की समोर.

शून्यपुत्र:
किल्ली कोडमध्ये ठेवा असं सांगतंय कोण? डीपीएपीआय, म्हणजे किल्ली स्वतः सांभाळून डेटा एनक्रिप्ट करणारी विंडोजची सोय, विंडोज २००० पासून आहे. करंट युझर स्कोप वापरा, म्हणजे त्याच विंडोज खात्याला ते उलगडता येतं. मग फाइल बॅकअपमधून बाहेर गेली किंवा चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, चढली, तरी नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कळफलक:
पण त्याच युझरच्या खात्यावर चालणारा कुठलाही प्रोग्राम ती उलगडू शकतो. लोकल मशीन स्कोप घेतलात तर त्या मशीनवरचा कोणीही. आणि आमचं डेटाबेसचं खातं 'एसए' आहे, म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क असलेलं, आता बोला!

तिसरी घंटा:
पासवर्ड ठेवताच कशाला? इंटिग्रेटेड सिक्युरिटी लावा, म्हणजे युझर आपल्या विंडोज खात्यानेच डेटाबेसला जोडतो, विषय संपला.

उलटतपासणी:
संपला कुठे? युझर एक्सेलमधून त्याच सर्व्हरला जोडतो आणि पगाराचं टेबल थेट बघतो. ॲपमधल्या सगळ्या तपासण्या राहिल्या बाजूला. हक्क ॲपला नाही, माणसाला दिलेत ना! टेबलवरचे हक्क काढा, फक्त स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेल्या तयार क्वेऱ्या) चालवायची मुभा ठेवा. आत डायनॅमिक एसक्यूएल, म्हणजे चालताना जोडून बनवलेली क्वेरी, असेल तर मात्र टेबलचे हक्क पुन्हा लागतात, तिथे हे फसतं.

शून्यपुत्र:
जुन्या ॲपमध्ये हे करून दाखवा. फॉर्माफॉर्मात 'अपडेट' क्वेऱ्या ठोकलेल्या असतात. ते होईपर्यंत पासवर्ड उघडा ठेवायचा का?

उलटतपासणी:
नको. पण आधी 'एसए' काढा, ते आजच होतं. आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' ट्रू आहे का बघा, म्हणजे सर्व्हरची ओळख न तपासताच जोडायचं. सर्टिफिकेटची एरर आली की लोक तेवढं लिहून मोकळे होतात. मग मधे कोणी सर्व्हर म्हणून बसला तर ॲप मुकाट्याने त्यालाच जोडणार. पुढे जमेल तेव्हा ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये एपीआय घाला, म्हणजे ॲप डेटाबेसला थेट न जोडता त्या सेवेकडे मागणी करेल.

शून्यपुत्र:
आणि एपीआयचं टोकन, म्हणजे ओळख पटवणारा कोड, कुठे ठेवणार? डीपीएपीआयमध्येच ना?

उलटतपासणी:
हो, तिथेच. पण ते एका माणसाचं आणि मुदतीचं असतं. फुटलं तर तेवढंच रद्द करायचं. तुमचा सामायिक पासवर्ड बदलायचा म्हणजे झाडून सगळ्या मशीनवरची फाइल बदला.