आगमनकाळात दिलेला शब्द पाळण्याची साधना कशी करावी?

प्रश्न (भुसावळ):
30 नोव्हेंबर 2025 रोजी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा ख्रिस्ती उपासनाकाळ, सुरू होत आहे. नाताळपर्यंत गोडधोड वर्ज्य करण्याऐवजी दिलेला प्रत्येक शब्द पाळावा, असे मी ठरवले आहे. मात्र आमच्याकडे हाच काळ कापसाच्या वेचणीचा आणि खेडा खरेदीचा, म्हणजे व्यापाऱ्यांनी गावात येऊन माल घेण्याचा, असतो. सकाळी एका व्यापाऱ्याला भाव कबूल करावा आणि संध्याकाळी दुसऱ्याची गाडी जास्त भाव देत दारात उभी राहावी, हे नेहमीचेच आहे. इसार घेतलेला नसताना केवळ तोंडी शब्दासाठी नुकसान सोसणे, ही भक्ती म्हणावी की हट्ट?

उत्तर (धुळे):
परमेश्वराच्या मंडपात कोण वस्ती करील, या प्रश्नाला बायबलमधील स्तोत्र 15 जे उत्तर देते, त्यात स्वतःचे अहित होत असले तरी शपथ न मोडणारा माणूसही आहे. मत्तय 5:37 मध्ये तर येशूने शपथेची गरजच ठेवली नाही. होय तर होय, नाही तर नाही, एवढेच बोलणे असावे, असे सांगितले. त्यामुळे इसाराचा मुद्दा गौण ठरतो, कारण तुमच्या शब्दावर व्यापाऱ्याने गाडी, हमाल आणि रोकड यांची जुळवाजुळव केलेली असते. मात्र घरच्यांना न विचारता भाव कबूल करायचा आणि मग त्यांच्या नुकसानीला स्वतःचे तप म्हणायचे, हे मला पटत नाही.

उत्तर (नवापूर):
व्यापारी जाब विचारायला येतोच. वेचणीच्या बाईला मात्र ‘बाजाराच्या दिवशी पैसे देतो’ असे सांगितलेले असते. ती रिकामी पिशवी घेऊन ओट्याशी उभी राहते आणि दुसऱ्यांदा मागायला संकोचते. आगमनकाळात आपण देवाच्या वचनाची वाट पाहतो, तशी ती आपल्या शब्दाची पाहत असते. यंदा तिसऱ्या रविवारी कॅथलिक मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा उतारा, याकोब 5:7–10, वाचला जाईल. तो घरी चौथ्या वचनापासून वाचावा. तिथे कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे.

प्रश्नकर्ता:
मग सुरुवात मजुरीपासूनच करतो. पण व्यापाऱ्याकडून चुकारा उशिरा आला, तर?

उत्तर (नवापूर):
चुकाऱ्याच्या भरवशावर वार सांगूच नये. सांगितलाच असेल आणि पैसे येणार नाहीत असे दिसले, तर बाजाराच्या आदल्या दिवशी स्वतः तिच्या घरी जाऊन तसे सांगावे आणि हाताशी असेल तेवढी रक्कम तेव्हाच द्यावी.