भाच्याला प्रोफेशनल बॉक्सर व्हायचंय, घरात रोज महाभारत. कोणाला माहिती असेल तर सांगा

लोकमान्य_मामा:
नमस्कार मंडळी, मी इंदूरचाच, लोकमान्य नगर. विषय भाच्याचा. २० वर्षांचा आहे, आठवीपासून बॉक्सिंग करून राहिलाय, ७५ किलोत स्टेटला दोन मेडल आहेत, नॅशनलला मात्र दुसऱ्याच फाइटमध्ये बाहेर. आता म्हणतो मामा, ॲमॅच्युअर (नुसतं मेडलसाठी खेळणं) बास, प्रो व्हायचं, पैसे घेऊन खेळायचं. बाहेरगावच्या कोणा प्रमोटरने, म्हणजे फाइट भरवणाऱ्याने, व्हॉट्सॲपवर काँट्रॅक्टची पीडीएफ पाठवलीये, पाच वर्षांचं, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कोणाकडे खेळायचं नाही म्हणे. पहिल्या फाइटचे पंधरा हजार. ताई रडते, भाऊजी म्हणतात आधी बीकॉम पूर्ण कर मग कोणाचं तोंड फोडायचं ते फोड. आणि पहिले ग्लव्हज मीच घेऊन दिले होते ना, म्हणून सगळं खापर माझ्यावर. मला क्रिकेटशिवाय काही कळत नाही. या धंद्यात पैसे येतात कुठून, आणि हा "बॉक्सर विजेंदर सिंगसारखं करणार" म्हणतो ते कितपत खरं?

छप्पनवाला:
भिया, भाऊजींचं वाक्य फ्रेम करून लावा 😂

तीन_मिनिटं:
मामा, विजेंदरचं नाव त्यानेच काढलंय तर त्याचाच हिशोब मांडतो. भिवानीजवळच्या कालुवासचा पोरगा, वडील हरियाणा रोडवेजला ड्रायव्हर, २००८ ला बीजिंगला ७५ किलोतच ब्राँझ, भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक मेडल. म्हणजे प्रो झाला तेव्हा अख्खा देश त्याला ओळखत होता, पोलिसात डीएसपी होता, आणि २०१५ ला फ्रँक वॉरनसारख्या इंग्लंडच्या मोठ्या प्रमोटरने घेतलं, मँचेस्टरला राहून ट्रेनिंग. ऑक्टोबर २०१५ ला पहिली फाइट, त्या वर्षात ३, २०१६ मध्ये ५ (त्यातलीच दिल्लीची केरी होपविरुद्धची, जिच्यात डब्ल्यूबीओ या प्रो बॉक्सिंगच्या संघटनेचा एशिया पॅसिफिकचा बेल्ट, म्हणजे किताब, मिळाला). इथपर्यंत झकास. मग २०१७ मध्ये २. २०१८ मध्ये शून्य. २०१९ मध्ये २. २०२१ मध्ये गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर एक, तीच एकमेव हार, लोपसान नावाच्या रशियनकडून. २०२२ मध्ये रायपूरला एक, जिंकला. एकूण १४ फाइट, १३ जिंकल्या. रेकॉर्ड चांगलाच आहे, पण सात वर्षांत चौदा, आणि त्याही विजेंदरला! मग तुमच्या भाच्याला वर्षाला किती मिळणार, हे त्या पीडीएफमध्ये लिहिलंय का आधी बघा. प्रोमध्ये पगार नसतो हो, रिंगमध्ये उतरलात तर पैसे, नाहीतर घरी बसा. आणि "दुसरीकडे खेळायचं नाही" हे कलम असेल पण "वर्षाला कमीत कमी इतक्या फाइट देऊ" हे नसेल तर पोरगा पाच वर्षं कपाटात ठेवला म्हणून समजा.

जेलरोड_साउथपॉ:
वरच्यांशी सहमत. मी स्वतः खेळलोय, मेडल वगैरे काही नाही, पण एकदा अशाच एका शोमध्ये चार राउंडची फाइट केली होती, नाव नाही घेत कोणाचं. आदल्या दिवशी वजन असतं म्हणून दोन दिवस पाणी जवळजवळ बंद, जॅकेट घालून पळायचं, थुंकून थुंकून वजन उतरवायचं, आणि ऐनवेळी समजलं समोरचा बदललाय, माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. हरलो. पैसे "पुढच्या आठवड्यात" मिळणार होते, ते अजून पुढच्याच आठवड्यात आहेत. वर तिकिटं मलाच खपवायला दिली होती, अर्धी काकांच्या ऑफिसात गेली. छोट्या शोमध्ये असंच चालतं, जो जास्त तिकिटं विकतो त्याला सोपा गडी आणि जो बाहेरून बोलावलेला असतो तो हरायलाच बोलावलेला असतो, हे कोणी तोंडाने सांगत नाही. भाचा यातला कुठला, हे विचारा त्याला.
खेळही वेगळा आहे. ॲमॅच्युअरमध्ये तीन-तीन मिनिटांचे तीनच राउंड, पटापट पॉइंट घ्यायचे. प्रोमध्ये ४, ६, ८ करत १२ पर्यंत, आणि ७५ किलोवाल्याचे ग्लव्हज १२ औंसावरून १० वर येतात, दोन औंस ऐकायला काहीच नाही पण बरगडीला बरोबर समजतात. नॅशनलला दुसऱ्या फाइटमध्ये का हरला? दम संपला असेल तर प्रोचं नावच काढू नका अजून दोन वर्षं.

रामबागचे_काका:
मी जुन्या जमान्यातला, थोडं वेगळं सांगतो. १९८० ला मोहम्मद अली भारतात आला होता, दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी सामना झाला. कौर सिंग सैन्यातला, प्रो कधी झाला नाही, ८२ च्या एशियाडला सोनं, पुढे पद्मश्री. त्यालाही म्हातारपणी हृदयाच्या इलाजासाठी कर्ज काढावं लागलं, पेपरात आलं होतं. आणि अली, जगातला सगळ्यात मोठा, त्याला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हा तो जेमतेम बेचाळीस. म्हणून तुमच्या ताई रडतात ते उगीच नाही, त्यांना हसू नका. मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांचा पडदा आत्ताच तपासून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहील. दुसरं, आपल्या एमपीत विक्रम अवॉर्ड (राज्य सरकारचा खेळाडूंचा पुरस्कार) मिळालं तर सरकारी नोकरीचा रस्ता उघडतो, रेल्वे आणि सर्व्हिसेसचा (सैन्यदलांचा) स्पोर्ट्स कोटा आहेच. ॲमॅच्युअर सोडलं की हे सगळं सुटतं. वीस हे काही वय नाही. बीकॉमही होऊन जाईल तोवर.

छप्पनवाला:
काका बरोबर. पण पोराला एकदम नाही म्हणू नका, नाहीतर गपचूप सही करून येईल. मी पण असाच एकदा घरी न सांगता मुंबईला गेलो होतो, ते असो.

लोकमान्य_मामा:
सगळ्यांचे आभार, जेलरोडवाल्या भियाचे जास्त. काल भाच्याला घेऊन सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो, भुट्टे का कीस खाता खाता विजेंदरच्या फाइट वर्षावार मोजायला लावल्या. २०१८ ला आला आणि थांबला, म्हणे मामा हे मला माहीतच नव्हतं. नॅशनलचं विचारलं तर खरं बोलला, तिसऱ्या राउंडला हातच उचलत नव्हते. एमआरआयला तयार आहे. मग तिथेच बसून त्याच्याच फोनवरून प्रमोटरला मेसेज टाकला की वर्षाला किती फाइट देणार ते लिहून द्या. रात्री अकराला निळ्या टिका आल्या. आत्ता दुपारचे चार वाजलेत, उत्तर नाही. तोवर भाऊजींना काय सांगू?

जेलरोड_साउथपॉ:
निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट दाखवा.