सीसीएनएचा अभ्यास दर वेळी निम्म्यावर थांबतो, गणेशचवथीनंतर तर पुन्हा पहिल्यापासून. काय करावं?

डिचोलीचा_पॅकेट

वेर्ण्याला आयटी सपोर्टमध्ये आहे, घर डिचोलीला. बसने येऊन जेवणखाण आटपेपर्यंत साडेआठ होतात, पुढे फार तर दीड तास मिळतो. सीसीएनए २००-३०१ (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) करायचं ठरवलंय. सुरुवातीला व्हिडिओ भराभर संपतात. सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान तुकड्यांत विभागायचं गणित) आणि ओएसपीएफ (राउटरनी आपसात मार्ग ठरवायची पद्धत) आलं की लॅपटॉप उघडायचाच कंटाळा येतो, आणि चवथीच्या सुट्टीत राहिलंसाहिलंही सुटतं. मग पहिल्या धड्यापासून परत सुरुवात.

विचारायचं ते असं: रोजचा वेळ कसा वापरावा? परीक्षेची तारीख आधीच घ्यावी का? आणि पावसात वीज जाते, तर परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर?

प्रेरणा देणारे व्हिडिओ कृपया पाठवू नका. ते सगळे पाहून झालेत.

---

राउटिंग_टेबल

तुमचा कंटाळा नेमका सबनेटिंगपाशी येतो, यालाच कारण आहे. तिथपर्यंतचा अभ्यास ओळखीचा असतो: केबल, ओएसआयचे थर, स्विच काय करतो. व्हिडिओ पाहून ‘कळलं’ असं वाटतं. सबनेटिंगला स्वतः गणित करावं लागतं आणि आतापर्यंत हाताने काहीच केलेलं नाही हे पहिल्यांदा उघडं पडतं. त्यामुळे उत्साह वाढवायच्या मागे लागू नका, व्हिडिओ कमी करा. कामाच्या दिवशी व्हिडिओ वीस मिनिटांच्या वर नकोच.

दीड तासाची माझ्या मते योग्य वाटणी: पहिली दहा मिनिटं सबनेटची गणितं, पंधरा मिनिटं जुन्या प्रश्नोत्तरांच्या कार्डांची उजळणी, वीस मिनिटं नवा भाग, चाळीस मिनिटं पॅकेट ट्रेसर (राउटर-स्विचचं जाळं संगणकावर उभं करायचं सॉफ्टवेअर). शेवटची पाच मिनिटं उद्याचं पहिलं काम एका ओळीत लिहायला. ही ओळ ‘ओएसपीएफ वाचणे’ अशी असून चालत नाही. ‘आर-२ वर राउटर आयडी हाताने देऊन नेबर पुन्हा उभा राहतो का पाहणे’ अशी हवी (नेबर म्हणजे ओएसपीएफने जोडलेला शेजारचा राउटर). थकून आलेल्या माणसाला काय करायचं ते ठरवायलाच जड जातं, करायला तेवढं जात नाही.

सबनेटिंगसाठी रोज पाच गणितं पुरतात, पण कागदावर आणि घड्याळ लावून. १९२.१६८.१०.७७/२६ घ्या: पहिले २६ बिट नेटवर्कचे, ब्लॉक ६४ पत्त्यांचा, म्हणून नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, वापरता येणारे पत्ते ६५ ते १२६, म्हणजे ६२. हे सगळ्यांना जमतं. गडबड होते ती १७२.१६.४५.२००/२० सारख्यात. लोक १७२.१६.४५.० लिहून मोकळे होतात, कारण नजर शेवटच्या ऑक्टेटवर (टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांतल्या शेवटच्यावर) असते. /२० म्हणजे मास्क २५५.२५५.२४०.०, खेळ तिसऱ्या ऑक्टेटमध्ये, ब्लॉक १६ चा. ४५ हा ३२ ते ४७ मध्ये बसतो, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. पाचातली निदान तीन गणितं अशी, /१७ ते /२३ मधली घ्या. एका गणिताला मिनिटाच्या आत उत्तर येऊ लागलं की ओएसपीएफचे वाइल्डकार्ड मास्क (उलटे मास्क) आणि एसीएल (कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं याची यादी) आपोआप हलके होतात, कारण त्यांच्या पोटात हेच गणित आहे.

तारीख मात्र आधी घ्या. पैसे भरले की माणूस अभ्यासाला बसतो.

---

कन्सोल_केबल

लॅबबद्दल वर एका ओळीत आटोपलंय. खरं तर टिकून राहायचं असेल तर तिथेच राहता येतं.

पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतो. एकच मांडणी करा आणि महिनोन्‌महिने तीच वापरा: त्रिकोणात तीन राउटर, दोन स्विच, चार पीसी, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी जाळी) १० आणि २०. चालती मांडणी वेगळ्या नावाने साठवून ठेवा. रोज शून्यातून मांडणी करणारे पंधरा मिनिटं आयपी पत्ते टाइप करण्यात घालवतात आणि त्यालाच अभ्यास समजतात.

मग चालती लॅब रोज एका ठिकाणी मोडायची. एका टोकाचा हॅलो टायमर (ओएसपीएफ शेजाऱ्याला किती सेकंदांनी हाक देतो तो) १० वरून ५ करा. एका राउटरवर एरिया ० च्या जागी १ लिहा. लिंकच्या इंटरफेसला पॅसिव्ह (ओएसपीएफची हाक न देणारं) करा. दोन राउटरना एकच राउटर आयडी द्या. प्रत्येक बिघाडाची फाइल करून ठेवायची, नावं फक्त क, ख, ग अशी. आठवड्याने त्यातली एक न पाहता उघडायची, तोवर कुठलीत काय मोडलंय ते विसरलेलं असतं.

शोधायचा क्रम ठरलेला हवा: ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’, मग ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’, मग ‘शो आयपी प्रोटोकॉल्स’, शेवटी ‘शो आयपी राउट’. प्रत्येक कमांड मारायच्या आधी काय दिसेल ते एका ओळीत लिहा. अंदाज चुकतो तिथेच शिकायचं असतं. नुसत्या कमांड मारत गेलात तर स्क्रीन सरकत राहते, डोक्यात काही राहत नाही.

स्विचवर हमखास होणारी चूकही मुद्दाम करून बघा. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन १० चालू असताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०’ दिलं की यादीत भर पडत नाही, यादीच बदलते आणि १० बंद पडतो. मध्ये ‘अॅड’ लागतं. राउटिंगमध्ये फ्लोटिंग स्टॅटिक राउटचं (हाताने लिहिलेल्या राखीव मार्गाचं) तसंच. ओएसपीएफचं अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्गाच्या भरवशाचा आकडा, लहान तो आधी) ११०, साध्या स्टॅटिकचं १. राखीव मार्गाला ११० पेक्षा मोठा आकडा दिला नाही तर राखीव मार्गच मुख्य होऊन बसतो. आणि हा आकडा बघायची वेळ येते ती एकाच नेटवर्कला, एकाच प्रीफिक्स लांबीचे (/ नंतरचा आकडा तोच असलेले) दोन मार्ग असतील तेव्हा. टेबलात /२४ आणि /२५ दोन्ही असतील तर पॅकेट /२५ ने जातं, डिस्टन्स काहीही असो. या एका गोष्टीवर भलेभले अडखळतात.

एक बंधन पाळा. पंचवीस मिनिटांत बिघाड सापडला नाही तर चालत्या फाइलशी ताडून पाहा, वहीत टिपा आणि लॅपटॉप मिटा. रात्री बारापर्यंत झुंजलेला माणूस दुसऱ्या दिवशी लॅब उघडत नाही.

---

फोंडा_नाइटशिफ्ट

राउटिंग_टेबल यांचं बाकी पटलं, तारखेचं नाही. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर. नापास झालात तर पाच दिवस थांबायचं आणि परत पूर्ण फी भरायची. एवढे पैसे अडकवून तयारी अर्धी असली की शेवटच्या पंधरवड्यात माणूस डम्पकडे (परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांकडे) वळतो. डम्प वापरणं हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि मुलाखतीत ‘ट्रंक का चालत नाही ते शोध’ म्हटलं की सगळं बाहेर येतं.

त्यापेक्षा पात्रता ठरवा. वर सांगितलेली /१७ ते /२३ मधली गणितं दहा मिनिटांत दहा, न पाहिलेला बिघाड पंचवीस मिनिटांत, आणि कधीही न सोडवलेल्या दोन सराव परीक्षांत ८० टक्क्यांच्या वर. ‘कधीही न सोडवलेल्या’ हे महत्त्वाचं. तीच चाचणी आठ दिवसांनी परत दिली तर ९५ मिळतात, ते पाठांतराचे. हे जमलं की तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्या. तारीख बदलायची असेल तर परीक्षेच्या चोवीस तास आधीपर्यंत बदलता येते.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवताना उत्तर उतरवू नका, चुकीची जात लिहा: माहीत नव्हतं, दोन गोष्टींत गोंधळ झाला, की प्रश्न नीट वाचला नाही. तिसरी जात जास्त निघाली तर आणखी अभ्यास करून गुण वाढणार नाहीत, वाचायचा वेग कमी करावा लागेल. सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. एकदा पुढे गेलात की गेलात. सराव परीक्षाही तशीच द्या. वेळ १२० मिनिटं, आणि त्यात लॅबचे प्रश्नही असतात, त्यांना मिनिटभर पुरत नाही.

विषयांचं वजनही भिंतीवर लावा: आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, फंडामेंटल्स आणि नेटवर्क अॅक्सेस प्रत्येकी २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन प्रत्येकी १०. ऑटोमेशनच्या जेसनमध्ये (माहिती लिहायची एक ठरावीक पद्धत) पंधरवडा घालवणारे पुष्कळ दिसतात, कारण ते नवं आणि चकचकीत वाटतं. ओएसपीएफ मात्र कच्चं.

---

डिचोलीचा_पॅकेट

बिघाडाच्या फाइली आजच करायला घेतो. पण चवथीचं काय? आमच्याकडे गणपती पाच दिवस, त्याआधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान, घरची साफसफाई, पाहुणे. सुट्टीनंतर आंकी (कार्डांची उजळणी करून घेणारं अॅप) उघडलं की पाचशे कार्डं साचलेली दिसतात आणि तिथेच मन उडतं.

---

राउटिंग_टेबल

चवथीत अभ्यास होणार नाही हे आधीच धरून चाला. आरत्या संपल्यावर रात्री अकराला तासभर बसेन असं वेळापत्रक करणारा दुसऱ्याच दिवशी ते मोडतो आणि उरलेले दिवस चुटपुट लागून राहते. कॅलेंडरवर चवथीआधीचे दोन दिवस आणि नंतरचा एक धरून सगळा काळ सुट्टी म्हणून खोडा. शिगमा आणि गावच्या जत्रेचंही तसंच.

कार्डांचं गणित मात्र सुट्टीच्या दहा दिवस आधी सुरू होतं. तेव्हापासून नवी कार्डं शून्य करा. आंकी मुळात रोज २० नवी आणि २०० उजळणीची अशी लावलेली येते, नोकरी करणाऱ्याला ती झेपत नाही. नेहमीसाठी नवी आठ-दहाच ठेवा. परत आल्यावर उजळणीची मर्यादा ८० आणि नवी शून्य, साठा ओसरेपर्यंत. सगळी पाचशे एका रविवारी संपवायला जाऊ नका, शेवटची दोनशे नुसती बटणं दाबून जातात.

परत आल्याचा पहिला दिवस पुस्तकाचा नाही. माहीत असलेल्या बिघाडाची एक सोपी फाइल, पाच गणितं, बस. पहिल्या धड्याकडे तर अजिबात जायचं नाही. विसरलंय किती हे बघायला प्रत्येक विषयाचे दहा प्रश्न सोडवा. सातच्या खाली आले तेवढेच विषय परत घ्या.

---

म्हापसा_सर्व्हर

थोडं वेगळं विचारतो. तुमचं रोजचं काम नेटवर्कचं आहे का? दिवसभर पासवर्ड रीसेट, अॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि मेलबॉक्स असेल तर सीसीएनएतलं कामावर काहीच वापरलं जात नाही, आणि मन न लागण्याचं तेही एक कारण असतं. अशांनी एझेड-१०४ (मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडची परीक्षा) पाहावं. त्याचं नूतनीकरण दर वर्षी ऑनलाइन आणि फुकट होतं. सीसीएनए तीन वर्षं टिकतं. स्विचच्या रॅकपाशी जायला मिळत असेल तर माझं हे म्हणणं सोडून द्या, सीसीएनएच बरोबर.

---

कन्सोल_केबल

परीक्षा घरून की केंद्रावर, हे राहिलं. जून ते सप्टेंबर असेल तर केंद्रावर. बुकिंग करताना पत्ता टाकला की जवळची केंद्रं आणि मोकळ्या तारखा दिसतात. आणि विजेपेक्षाही मोठं कारण सबनेटिंगचं आहे. केंद्रावर पुसता येणारी पाटी आणि पेन मिळतं. घरून देताना कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवरच्या पाटीवर माऊसने किंवा टाइप करून गणित करावं लागतं. कागदाची सवय असलेल्याचा वेळ तिथे जातो.

घरूनच द्यायची असेल तर शेवटचा महिनाभर गणितं नोटपॅडमध्ये टाइप करून करा. ऑफिसचा लॅपटॉप घेऊ नका, त्यातलं व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. सिस्टिम टेस्ट त्याच खोलीत, त्याच वेळेला करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका, राउटरपासून केबल ओढा. लॅपटॉपला बॅटरी असते पण वीज गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही मरतात. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून दोघांनाही छोटा यूपीएस लावा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, तरी वाचूनच घ्या. टेबल रिकामं, दुसरा मॉनिटर काढलेला, खोलीत कोणी येणार नाही हे घरात नीट सांगून ठेवा. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधी मोडा, पर्यवेक्षक हटकतो.

आणि ओळखपत्राकडे आजच बघा. खात्यावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे आधारवर ‘देसाई’ एका एसने आणि पासपोर्टवर दोन एसने, गावकर एका ठिकाणी ‘के’ने तर दुसरीकडे जुन्या पोर्तुगीज वळणाने ‘सी’ने, असं घरोघरी आहे. जे ओळखपत्र दाखवणार त्याच्यावरचंच स्पेलिंग खात्यात ठेवा. ते दुरुस्त करायला काही दिवस जाऊ शकतात, म्हणून तारीख घेण्याच्या आधीच करून टाका.