जीव की आत्मा? कन्नड प्रवचनाचं मराठी करताना

टिळकवाडी: एका माध्व (मध्वाचार्यांच्या द्वैत मताच्या) मठातल्या कन्नड प्रवचनांची मराठी पुस्तिका करूलालोय. मुळात जिथं तिथं 'जीव' आहे तिथं मी 'आत्मा' घातलं, कारण मराठीत जीव म्हटलं की नुसता प्राण वाटतो. तपासणाऱ्या आचार्यांनी सगळीकडं खोडून परत जीव केलं. मराठी वाचकाला हे कळेल काय?

खानापूरकर: बरोबर केलं त्यांनी. मध्वाचार्यांच्या मते 'आत्मा', 'ब्रह्म' हे शब्द मुख्य अर्थानं विष्णूलाच लागतात, आणि जीव मुक्त झाला तरी वेगळाच राहतो. छांदोग्य उपनिषदात 'स आत्मा तत्त्वमसि' येतं ना, शंकराचार्य 'ते तू आहेस' असं घेतात, मध्वाचार्य तोच संधी 'आत्मा अतत्' असा फोडतात, म्हणजे 'ते तू नाहीस'! एका लपलेल्या 'अ'नं अर्थ पार उलटा. अशा पुस्तिकेत जीवाला आत्मा म्हणून कसं चालेल?

शहापूर पेठ: पण लोक काय बोलतात ते बघा की. माणूस गेला की 'जीव गेला' म्हणतो आणि चौकातल्या बॅनरवर 'आत्म्यास शांती लाभो'. जाणारा तो जीव, उरणारा तो आत्मा, हा फरक लोकांनी कधीच केलाय. आणि आमची आजी उन्हातनं येऊन आंबील प्याली की 'आत्मा थंड झाला गं बाई' म्हणायची, तिथं आत्मा पोटात. 'जीवात्मा' लिहा, मिटलं.

निपाणीकर: जीवात्मा नको, पंडिती वाटतं. आणि आत्मा परका कसा? 1290 च्या ज्ञानेश्वरीत पहिल्याच ओवीत 'आत्मरूपा' आहे. आपला रोजचा 'आपण' सुद्धा 'आत्मन्'वरनंच आलाय, मधे प्राकृतातलं 'अप्पण'.

खानापूरकर: ज्ञानेश्वर अद्वैती हो, जीव आणि ब्रह्म एकच मानणारे! तो आत्मा इथं आणलात तर शब्दाबरोबर मतही बदललं. व्युत्पत्तीनं अर्थ ठरत नाही.

गोकाक रोड: कन्नडात ब्रह्मदेव पण 'ब्रह्म' आणि परब्रह्म पण 'ब्रह्म'. 'ब्रह्मनु' म्हटलं की देव, 'ब्रह्मवु' म्हटलं की तत्त्व, ते पण सांभाळा. पुढची सगळी वाक्यं त्यावर फिरतात.

शहापूर पेठ: बॅनरवरनं आठवलं, शेजारच्या लिंगायत घरी कोण वारलं की 'लिंगैक्य' लिहितात, म्हणजे लिंगाशी, शिवाशी एक झाला. मराठी पत्रिकेत छापणाऱ्यानं त्याचं 'कै.' केलं तर घरचे रागावले, आणि रास्तच आहे, ऐक्य झाल्यावर कैलासात वास कुणी करायचा?

गोकाक रोड: बसवण्णांच्या परंपरेत तर 'कायकवे कैलास', कैलास कामातच. 'लिंगैक्य' तसंच ठेवायला पाहिजे.

निपाणीकर: आमच्या गल्लीतले मराठी बोलणारे लिंगायत 'कै.'च छापतात की, त्यांना कोण सांगणार चूक म्हणून?