युक्रोइट म्हणजे नुसतं पाणी घातलेलं ऑलिव्हेनाइट का? (जुनं लेबल, हिरवा खडा, आणि माझं फिरलेलं डोकं)

दगडधोंडे
नमस्कार मंडळी. मी मूळचा झिओलाइटवाला, जळगाव-नाशिककडचं स्टिल्बाइट, ऍपोफिलाइट असलं गोळा करतो, तांब्याच्या खनिजांतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून ठेवतो. तर झालं असं की मावसभाऊ प्रागला नोकरीला आहे, दिवाळीला आला तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून काडेपेटीएवढा पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला, "तुला दगड आवडतात ना, घे". आत करड्या-तपकिरी, अभ्रकाने चमचमणाऱ्या दगडाचा तुकडा, त्यावर पाचूसारखे हिरवे बारके स्फटिक, आणि एक बऱ्यापैकी मोठा स्फटिक सुटा होऊन डब्यात खुळखुळत होता. खाली शाईने लिहिलेलं जर्मन लेबल, भावाने वाचून दाखवलं: ऑयक्रोइट, लिबेथेन, उंगार्न.

शोधल्यावर कळलं की हे युक्रोइट, तांब्याचं आर्सेनेट (म्हणजे आर्सेनिक-ऑक्सिजनवालं खनिज), दुर्मीळ वगैरे. पण नेटवर बघितलं तर गाव स्लोव्हाकियात दाखवतंय आणि लेबल म्हणतंय हंगेरी, मग लेबल खोटं का? दुसरं म्हणजे फॉर्म्युला. ऑलिव्हेनाइट म्हणजे तांब्याचंच दुसरं आर्सेनेट, त्यात तांबं दोन, आर्सेनेट एक, ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एक. युक्रोइटमध्ये पण तेच, फक्त वर तीन पाणी. मग याला वेगळं खनिज का म्हणायचं, ओलं ऑलिव्हेनाइट म्हणून मोकळं का होत नाहीत? आणि तिसरं, खरंच तेच आहे हे घरी कसं ओळखू, लॅब वगैरे ओळखीत नाही.

कातळकाका
लेबल खोटं नाही, उलट त्या "उंगार्न"मुळेच मला ते खरं वाटतंय. लिबेथेन हे जर्मन नाव, आत्ताचं ल्युबिएतोवा, मध्य स्लोव्हाकियात बान्स्का बिस्त्रित्सा शहराजवळ. हा सगळा मुलूख १९१८ पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता. म्हणजे लेबल लिहिणारा माणूस त्या काळातला असणार किंवा जुन्या लेबलावरून नक्कल करणारा. आजकालचा कोणी बनावट करायला बसला तर स्लोव्हाकियाच लिहील ना.

गाव छोटं पण खनिजवाल्यांची पंढरी. तिथे तांब्याच्या जुन्या खाणी, आणि जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या ब्राइटहाउप्ट या खनिजशास्त्रज्ञाने १८२३ साली एकाच वर्षात तिथली दोन खनिजं जगापुढे मांडली, एक लिबेथेनाइट (गावाच्या नावावरून) आणि दुसरं तुमचं युक्रोइट. लोक दोन्हींचं ठिकाण एकच समजतात, तसं नाहीये. लिबेथेनाइट पोडलिपाच्या खाणीचं, ते फॉस्फेट. युक्रोइट स्वाटोदुश्नाच्या खाणीचं, तिथे आर्सेनिक भरपूर. एकाच गावाच्या शिवारात एका बाजूला फॉस्फरस आणि दुसऱ्या बाजूला आर्सेनिक, मला तर हीच या गावातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आणि नाव बघा. ग्रीकमध्ये "यू" म्हणजे चांगला, "क्रोआ" म्हणजे रंग. आपल्याकडे शब्दशः काय होईल? सु-वर्ण! ग्रीकांचा यू आणि आपला सु भाषाशास्त्राच्या हिशोबाने सख्खे भाऊच. म्हणजे तुमच्या डब्यात हिरवं सुवर्ण आहे, सोनाराला मात्र दाखवू नका.

रसायनवाली
काका 😄 सोनारावरून आठवलं, त्याचा काटा पुढे कामाला येणार आहे, पण आधी पाण्याचं बघू कारण प्रश्न एकदम बरोबर ठिकाणी लागलाय.

शाळेत परीक्षानळीत मोरचूद तापवलेलं आठवतंय का, निळा रंग गेला, पांढरी भुकटी उरली, थेंबभर पाणी टाकलं की परत निळी? ते पाणी मोरचुदाला लागलेलं नव्हतं, मोरचुदाच्या बांधणीतच होतं. इथे तीच गोष्ट. कपडा भिजला तरी कपडाच राहतो पण कणकेत पाणी घातलं की ते पीठ राहत नाही, तसं काहीसं. ऑलिव्हेनाइटमध्ये तांब्याच्या अणूंच्या दोन प्रकारच्या जागा आहेत, एकाला सहा ऑक्सिजन शेजारी, दुसऱ्याला पाच. युक्रोइटमध्ये दोन्ही जागांना सहा शेजारी, चार जवळ आणि दोन जरा ताणलेले, आणि त्या शेजाऱ्यांत पाण्याचे रेणूपण बसलेत. सगळा सांगाडाच नवीन. पाणी काढलं तर युक्रोइट तसंच्या तसं उभं राहणार नाही.

घनतेत पण दिसतं हे. ऑलिव्हेनाइट साधारण ४.४, युक्रोइट ३.४४. वजनाच्या हिशोबाने युक्रोइटमध्ये तांबं ३७.७ टक्के आणि आर्सेनिक २२ टक्क्यांच्या आसपास, आणि ती तीन पाणी मिळून तब्बल १६ टक्के. एवढं पाणी असलेल्या वस्तूला "ओलं अमुक" म्हणून चालत नाही. आपलं जिप्सम आणि ऍनहायड्राइट घ्या, दोन्ही कॅल्शियम सल्फेट, फरक पाण्याचा, पण खनिजं दोन.

वर्गीकरणात पण हेच धरलंय. स्ट्रुन्झ पद्धतीत आठवा वर्ग म्हणजे फॉस्फेट, आर्सेनेट, व्हॅनेडेट एकत्र. एकत्र का, तर फॉस्फरस काय आर्सेनिक काय, चार ऑक्सिजन घेऊन तसाच चौफळी पिरॅमिड करतात, चार्ज पण तोच, त्यामुळे एकमेकांच्या जागी बिनधास्त बसतात. मग आठव्या वर्गात अक्षरं लागतात. ए म्हणजे ओएच पण नाही पाणी पण नाही, बी म्हणजे ओएच आहे पाणी नाही, सी म्हणजे पाणी आहे ओएच नाही, डी म्हणजे दोन्ही आहे. ऑलिव्हेनाइट पडलं ८.बीबी.३० मध्ये आणि युक्रोइट ८.डीसी.०७ मध्ये. थोडक्यात तुम्ही ज्याला "फक्त वर तीन पाणी" म्हणताय त्यानेच घर बदललंय.

सह्याद्री८७
सगळं ठीक आहे हो पण पाचूसारखं हिरवं म्हणताय तर डायोप्टेज (तांब्याचं हिरवं सिलिकेट) कशावरून नाही? मला एकदा एका प्रदर्शनात असंच भारी नाव लावलेलं डायोप्टेज गळ्यात मारलं होतं, तेव्हापासून हिरव्या रंगाची भीतीच वाटते. किंवा साधं मॅलाकाइट? लेबल खरं असेल पण डबा-लेबल एकाचं आणि दगड दुसऱ्याचा हे तर जुन्या बाजारात सर्रास चालतं.

कातळकाका
शंका रास्त आहे. तांब्याच्या आर्सेनेटांमध्ये हिरव्यांचीच जत्रा भरते हो, रंगावर जाऊ नका. ऑलिव्हेनाइट नावाप्रमाणे ऑलिव्हच्या फळासारखं मळकट हिरवं, कधी तपकिरी, बऱ्याचदा सुयांसारखं. कोनिकॅल्साइट पोपटी, साईच्या गोळ्यांसारखं पसरतं, त्यात कॅल्शियम असतं म्हणून वर्गीकरणात ते लांब जाऊन बसतं (ते पण ब्राइटहाउप्टनेच फ्रिट्झशे बरोबर १८४९ ला स्पेनच्या नमुन्यावरून मांडलं, माणूस काही थांबत नव्हता). कॉर्नवॉलाइट गडद हिरवं, गोलसर पापुद्रे, आणि मग त्याचाच जुळा कॉर्न्युबाइट, फॉर्म्युला अक्षर न् अक्षर तोच पण रचना वेगळी, एक मोनोक्लिनिक दुसरं ट्रायक्लिनिक (स्फटिकांच्या ठेवणीचे दोन प्रकार). दोघांची नावं इंग्लंडच्या कॉर्नवॉलवरून, एकाचं इंग्रजी नावावरून, दुसऱ्याचं लॅटिन. म्हणजे पाण्याने खनिज बदलतं तसं काहीच न बदलता नुसत्या मांडणीनेही बदलतं.

युक्रोइटचं वैशिष्ट्य असं की ते सुटसुटीत, आखूड, जाडसर स्फटिकांत येतं, काचेसारखी चमक, ऑर्थोऱ्होम्बिक (तिन्ही अक्ष काटकोनात पण लांबीला वेगवेगळे), बाजूंवर उभ्या बारीक रेघा. भिंगातून बघा आणि सांगा.

आणि हो, हा हिरवा अंगचा हिरवा आहे. तुमच्याकडच्या पुण्या-जळगावच्या हिरव्या ऍपोफिलाइटला रंग येतो तो चिमूटभर व्हॅनेडियममुळे, ते नसतं तर ऍपोफिलाइट पांढरंच. इथे तांबं म्हणजे घरचाच माणूस, ते काढलं तर रंग काय खनिजच उरत नाही.

रसायनवाली
आता काटा. ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा मिळतो, किंवा खरंच ओळखीच्या सोनाराकडे जा. सुटा स्फटिक आधी कोरडा तोला. मग काट्यावर वाटीभर पाणी ठेवा, काटा शून्य करा, आणि स्फटिक शिवायच्या बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. जो आकडा दिसेल तेवढं त्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा, ही झाली घनता. बुडबुडा चिकटू देऊ नका, भांड्याच्या साबणाचा थेंब टाका पाण्यात.

४.० आलं तर मॅलाकाइट, ४.४ आलं तर ऑलिव्हेनाइट. सुमारे ३.४ आलं तर युक्रोइट, पण डायोप्टेज पण ३.३ च्या आसपास येतं, त्यामुळे सह्याद्रींचा प्रश्न काट्याने सुटणार नाही. त्याला हार्डनेस (मोह्स पट्टीवरचा कठीणपणा). डायोप्टेज ५, फ्लोराइट ४, युक्रोइट साडेतीन ते चार. स्फटिकाचा तुटका कोपरा फ्लोराइटच्या तुकड्यावर ओढा. डायोप्टेज असेल तर फ्लोराइटवर चरा उमटेल. बिचाऱ्या स्फटिकावर चाकू चालवू नका.

ऍसिडचा थेंब टाकायचा मोह आवरा. मॅलाकाइट कार्बोनेट म्हणून फसफसतं, आर्सेनेट न फसफसता गुपचूप विरघळतं, म्हणजे चाचणी पास झाली तरी नमुना गेला.

वेंधळा
मध्येच विचारतो, आर्सेनिक म्हणजे सोमल ना? घरात ठेवायला चालतं का हे? ते जुन्या काळी हिरव्या वॉलपेपरने माणसं आजारी पडायची ते हेच का?

रसायनवाली
ते वेगळं. १७७५ चा शेलेचा हिरवा आणि नंतर १८१४ चा श्वाइनफुर्टचा हिरवा, ते कारखान्यात केलेले तांब्याचे आर्सेनाइट रंग. आर्सेनाइट आणि आर्सेनेट यात अर्ध्या अक्षराचा फरक वाटतो पण आर्सेनाइटमध्ये आर्सेनिक तीनच्या अवस्थेत, आर्सेनेटमध्ये पाचच्या. आपले हरताळ-मनशीळ अजून तिसरं, ते गंधकाबरोबरचं. जमिनीखाली टेनंटाइट, आर्सेनोपायराइट अशी धातुकं असतात, वरून झिरपणारं हवेतल्या ऑक्सिजनचं पाणी त्यांना कुजवतं, आर्सेनिक पाचपर्यंत चढतं, आणि तांबं भेटलं की असे हिरवे स्फटिक वरच्या थरात बसतात.

कपाटात बंद डब्यात ठेवलं तर काही होत नाही. पण हात लावल्यावर साबणाने धुवा, जेवणाच्या टेबलावर मांडू नका, पोरांच्या हाती देऊ नका, घासणं-कापणं तर अजिबात नाही, धूळ हीच खरी भानगड. आणि तापवायचं तर मुळीच नाही. जुने लोक कोळशावर तापवून लसणासारखा वास आला की आर्सेनिक म्हणायचे, तो वास घेण्याएवढं आयुष्य स्वस्त नाहीये. हरताळ फासला जाईल तो वेगळाच.

दगडधोंडे
आलो परत, चार दिवस लागले कारण सोनाराने आधी चौकशी केली की खडा कुठला, मग चहा, मग काटा. कोरडं वजन १.४२ ग्रॅम. पाण्यात धरल्यावर काटा दाखवतोय ०.४१, तीनदा केलं, एकदा ०.४२ आलं. भागाकार ३.४६, नाहीतर ३.३८. म्हणजे मॅलाकाइट आणि ऑलिव्हेनाइट दोन्ही कटाप.

फ्लोराइटवर ओढला, चरा नाही, उलट खड्याचीच फिकट हिरवी रेघ उमटली, ओल्या कापडाने पुसून कापड फेकून दिलं आणि हात दोनदा धुतले. भिंगातून उभ्या रेघा स्पष्ट दिसतायत. तुटलेल्या बाजूला सपाट पायऱ्या-पायऱ्या काही नाहीत, वेडंवाकडं तुटलंय. आणि मोठ्या तुकड्यावर हिरव्यांच्या खाली मळकट ऑलिव्ह रंगाचं बारीक गवतासारखं काहीतरी पसरलंय, ते काय?

कातळकाका
पायऱ्या नाहीत हे फार महत्त्वाचं, डायोप्टेज फुटताना तीन दिशांना सपाट फुटतं. आणि खालचं ते गवत म्हणजे बहुतेक ऑलिव्हेनाइटच, स्वाटोदुश्नाला दोघं शेजारी सापडतात. तुमचा प्रश्न ज्या दोन नावांनी सुरू झाला ती दोन्ही एकाच दगडावर बसलीयेत.

सह्याद्री८७
मान्य. डायोप्टेज मागे घेतो. तरी पण एखाद्या कॉलेजात ओळख काढून रमन (लेझर टाकून पदार्थ ओळखायची चाचणी) करून घ्या बुवा. आणि ती पिस्तुलासारखी हातात धरायची एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी) घेऊन कोणी आलं तर एक लक्षात ठेवा, आर्सेनिकची आणि शिशाची मुख्य रेघ जवळजवळ एकाच जागी पडते, १०.५ केईव्हीला (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप), त्यामुळे मशीन शिसं म्हणून मोकळं होऊ शकतं, मी हे बघितलंय. शिवाय त्याला पाणी दिसतच नाही, म्हणजे युक्रोइट की ऑलिव्हेनाइट हे ते सांगणारच नाही.

रसायनवाली
+१. रमनमध्ये आर्सेनेटची मोठी शेंडी आलेखात साधारण ८५० च्या (एकक सेंमी⁻¹) अलीकडेपलीकडे, कार्बोनेटची १०९० जवळ, शिवाय पाण्याची रुंद टेकडी ३००० च्या वरखाली. लेझर मात्र कमी पॉवरवर ठेवायला सांगा, नाहीतर पाणी उडवून स्वतःच ऑलिव्हेनाइट बनवतील आणि तुम्हाला रिपोर्ट देतील.

वेंधळा
माझ्याकडे मुठीएवढं जळगावचं हिरवं ऍपोफिलाइट आहे, अदलाबदल करणार का? सुट्या खड्यावर पण चालेल.

दगडधोंडे
अहो ऍपोफिलाइटने माझं कपाट उतू जातंय! खडा लेबलसकट त्याच डब्यात परत ठेवलाय, आणि बायकोने डबा स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबच्या खोलीत हलवलाय.